लूपच्या जोडावरची टक: पहिलं आवर्तन फेका, दुसरं ठेवा

तक्रार नेहमी अशीच येते. संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये चार बारचा (चार-चार मात्रांच्या चार गटांचा) ठेका लूप म्हणून, म्हणजे पुन्हापुन्हा फिरवायला निवडला, एक्स्पोर्ट करून त्याची फाइल काढली, फाइल रिपीटवर लावली आणि दर फेऱ्याला जोडावर 'टक'. काहींना टक नाही, पण श्वास अडकावा तशी बारीक फट. काहींना दोन्ही नाही, मात्र पाच मिनिटांनी ठेका पेटीच्या मागेपुढे व्हायला लागलेला. प्रोजेक्टमध्ये ऐकलं की सगळं लोण्यासारखं, म्हणून माणूस आणखीनच चक्रावतो.

माझ्या वाट्याला ही टक आली ती गावच्या देवळातल्या उत्सवी नाटकात. गोव्यातल्या आमच्या फोंडा तालुक्यात उत्सव म्हटला की नाटक आलंच, आणि वादक जमले नाहीत की पार्श्वसंगीत हल्ली लॅपटॉपच्या गळ्यात पडतं. भजनाच्या प्रवेशाला मी घुमट (मातीच्या घटावर कातडं ताणलेलं वाद्य), शामेळ (काठ्यांनी वाजवायचा ढोल) आणि कासाळ्याचा (मोठ्या झांजांचा) लूप करून दिला होता. तालमीत तो प्रवेश दोन मिनिटांचा होता. प्रयोगाला नट रंगले आणि सहा मिनिटं गेली. विंगेत पेटीवर बसलेले सत्तरीचे काका माझ्याकडे न बघताच म्हणाले, "अरे, तुझा घुमटवाला दर फेऱ्याला ठेचकाळतोय. नवा पोरगा का रे?"

घुमटवाला जुनाच होता. कापणारा नवा होता.

त्यानंतर बऱ्याच फाइलींची चिरफाड केली. टक एकच ऐकू येते, पण कारणं पाच-सहा निघतात, आणि भलत्याच कारणावर इलाज करत बसलं तर रात्र जाते. म्हणून आधी निदान.

दोष फाइलीत आहे की वाजवणाऱ्यात?

एक्स्पोर्ट केलेली वेव्ह फाइल नव्या, रिकाम्या प्रोजेक्टमध्ये आणा. टेम्पो आणि सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, म्हणजे सॅम्पल) मूळ प्रोजेक्टचाच ठेवा. वॉर्प किंवा स्ट्रेच (आवाज ताणून टेम्पोला बसवणारी सोय) बंद, क्लिपच्या कडांना आपोआप लागणारे छोटे फेड (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं) बंद, आणि स्नॅपही बंद. स्नॅप चालू असला की सॉफ्टवेअर प्रत्येक तुकडा ओढून रेषेवर बसवतं आणि लांबीतली चूक झाकून टाकतं. आता त्या फाइलीच्या आठ प्रती एकाला एक चिकटवून ठेवा. चार बारचा लूप असेल तर आठव्या प्रतीचा शेवट बरोबर ३३व्या बारच्या सुरुवातीला यायला हवा.

तिथे आला आणि ऐकायलाही स्वच्छ असेल तर फाइल निर्दोष आहे. मोबाइलवरचे कित्येक प्लेअर रिपीटच्या वेळी फाइल बंद करून पुन्हा उघडतात, फट तिथली असते. रेषा चुकली तर लांबीचा दोष. रेषा बरोबर पण टक आहे, तर जोडाचा. एवढं कळलं तरी अर्धं काम झालं.

लांबी

हिशोब सोपा आहे: मात्रा गुणिले ६० भागिले बीपीएम (मिनिटाला किती मात्रा), म्हणजे सेकंद मिळाले. त्याला सॅम्पल रेटने, म्हणजे इथे ४४,१०० ने, गुणलं की सॅम्पल. १२० च्या लयीत १६ मात्रा म्हणजे ८ सेकंद, ३,५२,८०० सॅम्पल, पूर्णांक. ९३ च्या लयीत मात्र ४,५५,२२५.८ येतात, आणि सॅम्पलचा तुकडा पाडता येत नाही, म्हणून सॉफ्टवेअर ४,५५,२२६ करतं. या दशांशाला घाबरून लोक टेम्पो बदलतात. गरज नाही. तासभर लूप चालवला तरी या गोळाबेरजेतून दीड मिलिसेकंदाच्या आसपास फरक पडतो. पेटीवाल्या काकांनाही तो ऐकू येणार नाही.

ठेका सरकतो तो दुसऱ्या कारणांनी. टॅप करून टेम्पो घेतला असेल तर पडद्यावर ९३ दिसतं पण आत ९३.०२ असतं. फरक फेऱ्याला सव्वादोन मिलिसेकंदांचा, पण पाच मिनिटांत २९ फेरे होतात आणि ६० मिलिसेकंदांच्या वर जातो. तेवढा कानाला बोचतो. टेम्पोच्या आकड्यावर डबल क्लिक करून दशांश उघडा आणि हवा तो आकडा हाताने टाइप करा. दुसरं कारण म्हणजे माउसने ओढून केलेलं सिलेक्शन. ऑडॅसिटीसारख्या एडिटरमध्ये वेळ मिलिसेकंदांत दिसत असते आणि एका मिलिसेकंदात ४४ सॅम्पल मावतात. मोजमाप सॅम्पलवर आणा आणि लांबीचा आकडा स्वतः लिहा. लूप कापताना डोळ्यापेक्षा आकड्यावर भरवसा ठेवलेला बरा.

आणि प्रोजेक्टचा सॅम्पल रेट ४४.१ हजार असताना एक्स्पोर्ट ४८ हजारांवर कशाला करायचा? ज्याला फाइल द्यायची त्याला कुठला रेट लागतो ते आधी विचारा आणि प्रोजेक्टच त्यावर ठेवा. रूपांतर करताना लांबी पुन्हा गोळाबेरीज होते आणि कडांवर फिल्टरचे बारीक ओरखडे उमटतात.

शेपूट

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त लूप इथे मरतात.

प्रोजेक्टमध्ये लूप फिरत असताना काय होतं ते बघा. शेवटच्या मात्रेवर घुमटाचा खर्ज पडला, त्याचा रिव्हर्ब (घुमत राहणारा आवाज, म्हणजेच शेपूट) दोन सेकंद रेंगाळला, आणि तो रेंगाळला पुढच्या फेऱ्याच्या समेवर (पहिल्या मात्रेवर). कान त्याला सरावतात. पण एक्स्पोर्ट करताना सॉफ्टवेअर शून्यातून सुरू होतं. फाइलीच्या पहिल्या समेच्या मागे कोणी वाजवलेलंच नसतं, त्यामुळे ती कोरडी. आणि शेवटी एकतर शेपूट कचकन कापलं जातं किंवा ते ठेवलं तर फाइल दोन सेकंदांनी लांबते. कापलं तर टक, ठेवलं तर फट.

तबलजी मैफलीत बसला की पहिलं आवर्तन अंदाज घेण्यात जातं, खरा ठेका दुसऱ्यापासून लागतो. इथेही तेच करायचं. पॅटर्न टाइमलाइनवर दोनदा ठेवा, दोन्ही मिळून रेंडर करा, म्हणजे फाइलीत उतरवा, आणि पहिला अर्धा भाग फेकून दुसरा ठेवा. त्या दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला पहिल्याचं शेपूट आपसूक आलेलं असतं. त्याचं स्वतःचं शेपूट जिथे तुटतं तिथे पुढच्या फेऱ्याची सुरुवात ते उचलून धरते. रिव्हर्ब लूपपेक्षा लांब असेल, म्हणजे दोन सेकंदांचा लूप आणि पाच सेकंद घुमणारा हॉलचा रिव्हर्ब, तर चारदा ठेवून चौथं घ्या.

याचा दुसरा फायदा फारसा कोणी सांगत नाही. मास्टरवर (सगळे आवाज एकत्र होतात तिथे) कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा इफेक्ट) असेल तर रेंडरच्या पहिल्या क्षणी तो मोकळा असतो आणि शेवटच्या क्षणी दबलेला. म्हणून पहिली सम उगाच मोठी वाजते आणि जोडावर आवाज उडी मारतो. लोक याला टक समजून फेड लावत बसतात. दुसऱ्या आवर्तनात कॉम्प्रेसर आधीच कामाला लागलेला असतो, उडी जाते.

हे सगळं हाताने करावं लागतंच असं नाही. एबलटन लाइव्हच्या एक्स्पोर्टमध्ये 'रेंडर अॅज लूप' आहे, रीपरमध्ये 'सेकंड पास रेंडर', लॉजिक प्रोमध्ये 'बाउन्स सेकंड सायकल पास'. तिन्हींचं तत्त्व एकच, पहिला फेरा मुका काढून दुसरा लिहायचा. एफएल स्टुडिओमध्ये शेपटासाठी तीन पर्याय येतात, कापा, ठेवा किंवा 'रॅप रिमेंडर'. लूपसाठी तिसरा. तो उरलेलं शेपूट सुरुवातीवर आणून मिसळतो. मास्टरला लिमिटर (ठरावीक पातळीवर आवाज अडवणारा) असेल तर मी तिथेही हाताने दोनदा ठेवून कापतो. जुनी सवय.

एका गोष्टीवर मात्र दुसऱ्या आवर्तनाचाही इलाज नाही: स्वतःच्या गतीने डुलणारे इफेक्ट. कोरस, फेझर, ऑटो-पॅन. समजा फेझर ०.७ हर्ट्झवर डुलतोय आणि लूप १०.३२ सेकंदांचा आहे. तेवढ्या वेळात त्याचे सव्वासात झोके होतात, म्हणजे शेवटी तो जिथे असतो तिथून सुरुवात होत नाही. एकतर टेम्पोला सिंक करा, नाहीतर पूर्ण झोके बसतील असा आकडा द्या. इथे ०.६७८ दिला की बरोबर सात बसतात.

'शून्यावर कापा' म्हणणारे

जोडावर टक आली की पहिला सल्ला हाच मिळतो: लाट जिथे शून्य रेषा ओलांडते तिथे कापा. ऑडॅसिटीत झेड दाबलं की सिलेक्शनच्या दोन्ही कडा आपोआप शून्यावर जातात. सल्ला खोटा नाही, अपुरा आहे.

एक तर नुसतं शून्य पुरत नाही, दिशाही जुळावी लागते. लाट वरून खाली येताना तोडली आणि खालून वर जाताना सुरू केली तर शून्यावर कोपरा तयार होतो, तो ऐकू येतो. दुसरं, स्टिरिओमध्ये डावी-उजवी लाट एकाच क्षणी शून्यावर असेलच असं नाही. आणि तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं. घुमटासारखा खर्ज घ्या. ८० हर्ट्झची लाट एका झोक्याला १२.५ मिलिसेकंद घेते. योग्य दिशेचं शून्य शोधायला कड सहा मिलिसेकंद इकडे किंवा तिकडे सरकू शकते. टक गेली, पण आत्ताच हिशोब करून बसवलेली लांबी बिघडली. म्हणजे पाय वाचवायला गेलो आणि जोडा गमावला. ठेक्याच्या लूपसाठी मी झेडला हात लावत नाही. ज्याला मोजलेली लांबी नाही अशा आवाजासाठी ते ठीक.

सम रेषेच्या आधी येते

हा दोष फक्त माणसाने वाजवलेल्या ठेक्यात सापडतो, म्हणून आवाजांचे तयार तुकडे वापरणाऱ्यांना तो माहीतच नसतो.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी आमच्या गटाचं रेकॉर्डिंग केलं होतं, मेट्रोनोमच्या क्लिकवर. नंतर वेव्हफॉर्म झूम करून बघितलं तर घुमटवाल्याची जवळजवळ प्रत्येक सम ग्रिडच्या रेषेच्या पाच-सात मिलिसेकंद आधी होती. त्याचा स्वभावच तो, आणि त्यामुळेच आरतीला जोर येतो. आता मी बरोबर रेषेवर कापलं तर काय झालं? पहिल्या समेच्या थापेचं टोक कापलं गेलं, आणि पुढच्या समेचं टोक लूपच्या शेपटाला लागलं. फेरा फिरला की शेवटचं टोक आणि सुरुवातीची बोथट थाप शेजारी येतात. थापा सगळ्या सारख्या नसतात, त्यामुळे जोडावर टक, आणि फाइल पहिल्यांदा सुरू होते तेव्हा पहिली थाप बोबडी.

इलाज: अख्खं सिलेक्शन १५ मिलिसेकंद मागे सरकवा. दोन्ही कडा एकत्र, सारख्याच अंतराने. लांबी जशीच्या तशी राहते, कापणी मात्र समेआधीच्या शांत जागेत होते. स्टेजवर बटण दाबल्यावर १५ मिलिसेकंद उशीर होतो, तो कोणाला कळत नाही.

घुमटाच्या बाबतीत आणखी एक. पूर्वी तोंडावर घोरपडीचं कातडं असायचं. घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे आता बकऱ्याचं. पावसाळी दमट हवेत कातडं सैल पडतं आणि सूर उतरतो. दहा मिनिटांच्या टेकमधलं पहिलं आवर्तन आणि शेवटचं आवर्तन सुरात सारखं असेलच असं नाही. म्हणून लूपसाठी तुकडे लांबून गोळा करू नका, लागोपाठची आवर्तनं घ्या. मध्येच कोणी घुमट शेकून आणलं असेल तर त्याआधीचं आणि नंतरचं एकमेकांत मिसळूच नका.

जोड डोळ्यांसमोर आणा

एवढं करूनही टक राहिली तर फाइल बरोबर मधोमध कापा आणि दुसरा अर्धा आधी, पहिला नंतर असे ठेवा. आता जोड पडद्याच्या मध्यावर आला आणि नव्या दोन्ही कडा मूळच्या सलग आवाजातून कापलेल्या असल्याने त्या एकमेकींना आपोआप जुळतात. जोडावर झूम करा, उडी कुठे आहे ती दिसेल, आणि तिथे पाच ते वीस मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक तुकडा उतरत असताना दुसरा त्यावर चढवा.

क्रॉसफेड लांबी खातो हे विसरू नका. दोन तुकडे २० मिलिसेकंद एकमेकांवर चढवले की फाइल तेवढी आखूड झाली आणि वर केलेला सगळा हिशोब पाण्यात. म्हणून कापतानाच लूपच्या सुरुवातीच्या आधीचा २० मिलिसेकंदांचा तुकडा हाताशी ठेवायचा आणि तो लूपच्या शेवटावर हळूहळू चढवायचा. लांबी तीच राहते, आणि लूपचा शेवट आता 'सुरुवातीच्या जरासं आधी' असा वाजतो, जे हवं तेच आहे.

टेपच्या जमान्यात हेच काम ब्लेडने व्हायचं. फीत सरळ न कापता तिरकी कापत. पाव इंची फीत ४५ अंशांत कापली आणि सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने पळवली की तो तिरका काप फीत वाचणाऱ्या हेडपुढून जायला साधारण १७ मिलिसेकंद घेतो. आपण आज माउसने जेवढा क्रॉसफेड देतो, जवळपास तेवढाच.

एमपीथ्री

लूप एमपीथ्रीत देऊ नका. एवढं म्हणून पुढे गेलो असतो, पण कारण सांगितल्याशिवाय कोणी ऐकत नाही. एमपीथ्री आवाज १,१५२ सॅम्पलच्या खोक्यांत भरते. आपले ४,५५,२२६ सॅम्पल ३९५ खोक्यांत भरून १८६ उरतात, त्यांच्यासाठी अजून एक खोका आणि उरलेल्या जागेत शांतता. शिवाय सुरुवातीला एन्कोडर आणि डिकोडरचा उशीर. लेम एन्कोडरने केलेल्या फाइलीत तो बहुधा १,१०५ सॅम्पल, म्हणजे २५ मिलिसेकंद. किती छाटायचं याची नोंद लेम फाइलीतच करून ठेवतो आणि काही प्लेअर ती वाचतात. जो वाचत नाही तो दर फेऱ्याला फट ऐकवतो. माझ्या नाटकातली ठेच निम्मी इथली होती. जागा वाचवायचीच असेल तर फ्लॅक किंवा ऑग व्हॉर्बिस द्या, दोन्हींत लांबी सॅम्पलबरहुकूम राहते. आणि व्हॉट्सअॅपवर पाठवताना ऑडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

रूपक चारच्या ग्रिडमध्ये

प्रोजेक्ट चार-चारचा आणि गाणं रूपकात, मग चार बार निवडून लूप बसणार कसा? १६ मात्रांत सातच्या दोन फेऱ्या होऊन दोन मात्रा लोंबकळतात. टाइम सिग्नेचर बदला, किंवा सात बार निवडा. २८ मात्रा, रूपकाची चार आवर्तनं, हिशोब चुकता. झपतालाला पाच बार, त्यात दोन आवर्तनं. भजनी आणि केरवा आठाचे असल्याने तिथे हा प्रश्नच येत नाही, आणि म्हणूनच बहुतेकांना तो आहे हे माहीत नसतं.

पाऊस, लाटा, तानपुरा

इथे मात्रा नाहीत, म्हणून लांबी हवी ती घ्या, पण क्रॉसफेड मोठा, दोन-तीन सेकंदांचा. पत्र्यावरच्या पावसासारख्या आवाजात दोन्ही बाजूंचं काहीच सारखं नसतं. साधा सरळ रेषेचा फेड दिला तर मध्यावर आवाज तीन डेसिबलने खचतो, म्हणून तिथे इक्वल पॉवर (मध्यावर ताकद टिकवणारा वळणदार फेड) निवडा. उलट एकाच सुराचे दोन सारखे तुकडे जोडताना इक्वल पॉवर मध्यावर फुगवटा आणतो, तिथे सरळ रेषाच बरी. तानपुऱ्याला मी फेड शक्य तितका टाळतो. दोन टप्प्यांतल्या लहरी एकमेकींना खातात आणि जवारी (तारेचा झणझणता नाद) क्षणभर मिटते. त्याऐवजी पंचमाची तार छेडण्याच्या किंचित आधी कापायचं, आणि पुढची कड अशीच, पूर्ण छेडांनंतरच्या पंचमाआधी.

लाटांची गंमत वेगळी. जोड निर्दोष झाला तरी एखादी मोठी लाट दर फेऱ्याला तशीच फुटते आणि तिसऱ्यांदा फुटली की प्रेक्षक ओळखतात. मिरामारच्या किनाऱ्यावर पहाटे केलेल्या रेकॉर्डिंगमधून मी दोन लूप काढले, एक ३७ सेकंदांचा आणि एक ५३ चा, आणि एकत्र लावले. दोन्ही पुन्हा एकत्र सुरू व्हायला ३२ मिनिटं ४१ सेकंद लागतात. तेवढ्यात अंक संपतो.

नाटकवाल्यांना तर मी आता लूप देतच नाही. घरी पंधरा मिनिटांचा सलग ठेका रेंडर करतो, १६ बिट स्टिरिओ वेव्ह, १६० एमबीच्या जरा आत, आणि ऑपरेटरला सांगतो, प्रवेश संपला की फेडर खाली घे. जोडच नाही. गेल्या उत्सवात काका पुन्हा पेटीवर होते. प्रवेश सात मिनिटं चालला आणि ते काही बोलले नाहीत. नंतर चहाला भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, की कासाळं जरा जास्त वाजतंय.